पायंडा

पायंडा पाडण्याची मला पहिल्यापासून भीती वाटते. त्यामुळे आमच्या विधवा आक्कानं कायमचं आमच्याकडे राहायला यावं की नाही, यावर घरात महिनाभर नुसता खल चालला होता. "चार महिने ये, पुढचं पुढं बघू," असं एक सावध उत्तर मी मनाशी जुळवूनही ठेवलं होतं.

अशात वसुबारसेच्या रात्री आमचे चिरंजीव संगणकापुढे डोकं धरून बसलेले दिसले. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, एक नवा सिस्टिम कॉल घालावा की नाही, असा वाद पेटला होता म्हणे.

"त्यात वाद कसला? चार ओळी लिहाव्यात नि मोकळं व्हावं!" मी म्हणालो.

"बाबा, गाभा म्हणजे बँक समजा. फाइल उघडायची असो की तिचं नाव बदलायचं असो, प्रोग्रॅमनं ठरलेल्या खिडकीवरच अर्ज द्यायचा. नवी खिडकी उघडणं सोपं. पण लोकांची ये-जा सुरू झाली की ती बंद करता येत नाही. चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा टोरवाल्ड्स यांचा दंडकच आहे. म्हणून आधी उलटतपासणी! जुन्या खिडकीवर भागत नाही का? नवी कुणाला हवी आहे?"

मग त्यानं एक उदाहरण सांगितलं. फाइलचं नाव बदलणारा 'रीनेमॲट' २००६ साली आला. पुढं लोकांना वाटू लागलं, त्या नावाची फाइल आधीच असली तर ती पुसली जाऊ नये. दोन फाइलींच्या नावांची अदलाबदलही करता यावी. पण जादा सूचना लिहायला अर्जात रकानाच नव्हता! २०१४ साली 'रीनेमॲट-टू' ही दुसरी खिडकी उघडावी लागली, आणि पहिलीही चालूच ठेवावी लागली.

"म्हणून नव्या अर्जात एक रकाना मोकळा ठेवतात. उद्याची गरज आज कुणाला ठाऊक?"

रात्री मला झोप लागेना. माझ्या शिक्षणासाठी आक्कानं पाटल्या मोडल्या, तेव्हा तिनं पायंड्याचा विचार केला नव्हता. ही मंडळी खिडकी उघडताना शंभरदा विचार करतात, ते उघडल्यावर निभावायचं असतं म्हणून. मी मात्र निभावणं टाळण्यासाठी विचार करीत होतो!

सकाळी फोन केला. "आक्का, ये."

"किती दिवसांसाठी रे?"

"तो रकाना मोकळा ठेवलाय."

तिला काही उमजलं नसावं. पण भाऊबीजेला ती सामानासकट आली.