जाहिरातीचा वांटा

संकेतस्थळ चालविणाऱ्या माणसाला जाहिरातींपासून जें उत्पन्न मिळतें त्याला मराठींत काय म्हणावें, हा प्रश्न गेलें वर्षभर माझ्या मनांत घोळत आहे. वेतन म्हणावें, तर ठरलेलें काम आणि ठरलेला पगार असें येथें कांहीं नाहीं. किंमत म्हणावी, तर विकणाऱ्यानें भाव सांगितलेला नाहीं. भाडें म्हणावें, तर जागेच्या मालकाला महिन्याची रक्कम आगाऊ ठाऊक असावयास पाहिजे. पाणिनीच्या सूत्रांत परिक्रयण असा एक शब्द येतो. ठराविक मुदतीकरितां वेतन देऊन माणूस बांधून घेणें, असा त्याचा अर्थ टीकाकार सांगतात. तोही येथें लागू पडत नाहीं, कारण मुदत कोणीच बांधलेली नसते. शब्दांचा कीस काढण्याची ही जुनी शिक्षकी खोड आहे असें वाचक म्हणतील, व तें खोटें नाहीं. परंतु ज्या व्यवहाराला धड नांव नाहीं त्यांत कोणाचा हक्क किती हें सांगतां येत नाहीं, आणि माझ्या भाचीच्या संसाराशीं हा प्रश्न आतां येऊन भिडला आहे.

ही भाची सातारची. संस्कृत घेऊन एम. ए. झाली आणि एका खासगी शाळेंत आठ वर्षें शिकवीत होती. शाळेंत असतांनाच तिनें मराठी माध्यमाच्या मुलांकरितां संस्कृत व्याकरणाचें संकेतस्थळ काढलें. शब्दरूपें, धातुरूपें, समासांचे विग्रह, आणि सणावारीं घरोघर म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्रांचे अन्वय व अर्थ असा त्याचा ऐवज आहे. मजकूर तपासण्याचें काम माझ्याकडे असतें. वाचणाऱ्यास पैसे पडत नाहींत. पानाच्या कडेला जाहिराती दिसतात व त्यांचा वांटा तिच्या खात्यावर जमा होतो. तीन वर्षांपूर्वीं हा वांटा शाळेच्या पगाराच्या बरोबरीला आला, तेव्हां तिनें नोकरी सोडली. धाकटा मुलगा त्या वेळीं दोन वर्षांचा होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घरीं बसून होणारें काम तिला हवेंच होतें. पुढें वाचक वाढत गेले. उत्पन्न मात्र कांहीं महिने चढलें, मग उतरूं लागलें, आणि गेल्या आश्विनांत एकदम निम्म्यावर आलें. तिनें लिहिण्यांत कसूर केली नव्हती. नियम बदलले होते.

या धंद्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. पूर्वीं मासिकांत मलपृष्ठाचा दर इतका, आंतल्या अर्ध्या पानाचा इतका, असें पत्रक छापलेलें असे. साबणाचा कारखानदार तें वाचून पैसे पाठवी, आणि महिनाअखेर आपल्याला काय मिळणार हें संपादकाला बोटांवर मोजतां येई. संकेतस्थळावर असें पत्रक नसतें. वाचकानें पान उघडलें कीं, पातें लवतें न लवतें तोंच, त्यांतल्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. जाहिरातदारांच्या वतीनें यंत्रेंच बोली बोलतात, आणि ज्याची बोली वरचढ त्याची जाहिरात त्या जागीं उमटते. मराठी पानावर बोली बोलणारे थोडे, म्हणून भावही हलका. लिलाव घडवून आणणारा मध्यस्थ आपला भाग कापून घेतो व उरलेला पानाच्या मालकाला देतो.

या मध्यस्थांत सर्वांत मोठा म्हणजे गूगल. त्याची ॲडसेन्स ही व्यवस्था २००३ सालीं सुरू झाली. तिच्या भाषांच्या यादींत हिंदीला २०१४ सालीं व मराठीला २०१८ सालीं जागा मिळाली. पण मला चमत्कारिक वाटली ती दुसरीच गोष्ट. पानावरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकीं शेंकडा ६८ भाग मालकाला दिला जातो, हें गूगलनें प्रथम जाहीर केलें तें २०१० सालीं. म्हणजे सात वर्षें जगभरचे हे भागीदार आपला भाग किती हें न कळतां तो घेत होते! मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत संभूयसमुत्थान, म्हणजे अनेकांनीं मिळून केलेला धंदा, हें एक आहे. आणि अशा धंद्यांत नफातोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणें किंवा आपसांत ठरल्याप्रमाणें वांटावा, असें याज्ञवल्क्यानें स्पष्ट म्हटलें आहे. येथें भागीदार हा शब्द मोठ्या आदरानें वापरतात. पण ठरविण्याच्या वेळीं त्या भागीदाराला कोणी बोलावीत नाहीं.

२०२३ च्या नोव्हेंबरांत गूगलनें आणखी एक बदल जाहीर केला व तो २०२४ च्या आरंभीं अमलांत आला. तोंवर मुख्यतः वाचकानें जाहिरातीवर बोट दाबलें तर पैसे मिळत. यापुढें जाहिरात नुसती दिसली तरी तिचा हिशेब व्हावा, असें ठरलें. वांट्याची मांडणीही बदलली. जाहिरातदारानें १०० रुपये दिले, तर जाहिरात विकत घेऊन देणारी गूगलचीच शाखा सरासरी १५ रुपये ठेवते; उरलेल्या ८५ रुपयांचे शेंकडा ८० मालकाला मिळतात. गणित करून पाहावें: रुपये ६८ च येतात! उत्पन्नांत फरक पडण्याची अपेक्षा नाहीं, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें होतें आणि त्रैराशिकापुरतें तें बरोबर आहे. परंतु शेंकडा ६८ हा भाग झाला. तो कशाचा, हें लिलाव ठरवितो, आणि लिलावाच्या अटी मालकाच्या हातीं नाहींत.

येथें एका गोष्टीचा उल्लेख केला नाहीं तर अप्रामाणिकपणा होईल. सगळेच बदल जुलमाचे नसतात. जाहिरातीला चांगला भाव येतो तो पुष्कळदां वाचकावर पाळत ठेवल्यामुळें. कुकी म्हणून एक बारीकशी नोंद असते. दुसऱ्याच कोणाची ही कुकी आपल्या यंत्रांत बसली कीं, आपण काल कोणती पुस्तकें पाहिलीं, परवां कोणत्या औषधाची चौकशी केली, हें जाहिरातदाराला समजूं शकतें. युरोपांत २५ मे २०१८ पासून खासगी माहितीविषयींचा कडक कायदा लागू झाला. ॲपलनें आपल्या सफारी या न्याहाळकांत अशा परक्या कुकींना २०२० च्या मार्चांत पुरती बंदी केली. गूगलनेंही त्याच वर्षीं, दोन वर्षांच्या आंत त्या काढून टाकूं, असें सांगितलें. मग मुदत वाढविली, पुन्हां वाढविली, आणि २०२४ च्या जुलैंत तो बेतच सोडून दिला. या चार वर्षांत लहानमोठ्या संकेतस्थळवाल्यांनीं आपापल्या घरची व्यवस्था किती वेळां मोडून मांडली असेल तें त्यांनाच ठाऊक!

वाचक या नात्यानें मला ती बंदी पसंत आहे. रघुवंशाचा अन्वय पाहावयास आलेल्या मुलीच्या पाठीमागें एक अदृश्य गुमास्ता उभा राहून तिच्या आवडीनिवडी टिपीत असावा, ही कल्पनाच मला किळसवाणी वाटते. पण कुकी गेली कीं वाचक कोण हें जाहिरातदाराला उमगत नाहीं, बोली खालीं येते, आणि त्याचा फटका माझ्या भाचीलाच बसतो. मीं हें तिला एकदां बोलून दाखविलें.

ती म्हणाली, “मामा, पाळत ठेवून मिळणारे पैसे मलाही नकोत. पण ते बंद होणार हें मला सहा महिने आधीं कोणी सांगेल कीं नाहीं?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

आश्विनांतली हकीकत मात्र निराळी आहे. ज्या मध्यस्थ मंडळीमार्फत ती जाहिराती घेते त्यांनीं आपल्या नियमांत एक कलम वाढविलें. हिंसेचें वर्णन असलेल्या पानांवर जाहिरात दाखविली जाणार नाहीं, असा त्याचा मथितार्थ. जाहिरातदारांची भीति मी समजूं शकतों. २०१७ सालीं यूट्यूबवर मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती दहशतवाद्यांच्या चित्रफितींशेजारीं झळकल्याचें लंडनच्या टाइम्सनें उघडकीस आणलें, तेव्हां कित्येकांनीं आपल्या जाहिराती काढून घेतल्या. पुढल्याच वर्षीं यूट्यूबनें उत्पन्नाचा उंबरठा वाढवून १००० वर्गणीदार व वर्षाला ४००० तास प्रेक्षण असा केला, आणि हजारों किरकोळ मंडळी एका फटक्यासरशीं बाहेर पडली. भीति खरी, पण ती निस्तरावी लागते ती भलत्यालाच.

तर नवरात्र तोंडावर आलें असतांना भाचीचीं देवीस्तोत्रांचीं पानें या कलमांत सांपडलीं. महिषासुराचा वध आहे, त्रिशूळ आहे, रक्त आहे. यंत्रानें शब्द मोजले आणि निवाडा दिला. वर्षभरांतले सर्वांत अधिक वाचक त्या नऊ दिवसांत येतात. तिनें अर्ज केला. तीन दिवसांनीं उत्तर आलें कीं, पुनर्विचार केला असून निर्णय कायम आहे. कोणत्या ओळीला हरकत आहे हें त्यांत नव्हतें, आणि खालीं कोणाची सही नव्हती. मी तीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. अर्धा गुण कापला तरी समासांत कारण लिहावें, एवढा दंडक आमच्या हेडमास्तरांनीं घालून दिला होता. अपुऱ्या पगारांत दिवस काढले, परंतु पगार कां कापला हें विचारावयास समोर एक मनुष्य होता.

अमेरिकेंत हा वाद न्यायासनापर्यंत गेला आहे. १७ एप्रिल २०२५ रोजीं व्हर्जिनिया राज्यांतील संघीय न्यायालयानें निकाल दिला कीं, संकेतस्थळांना जाहिराती मांडण्यासाठीं लागणारी यंत्रणा आणि जाहिरातींचा लिलावबाजार या दोहोंत गूगलनें बेकायदा मक्तेदारी केली. एवढ्या बलाढ्य संस्थेला न्यायासनापुढें जाब द्यावा लागला, याचें मला समाधान वाटतें. पण तेथील निकालाचा ओलावा झिरपत झिरपत सातारच्या एका बिऱ्हाडांतील वाणसामानाच्या यादीपर्यंत केव्हां पोंचेल, याचा अंदाज कोणी बांधावा?

भाचीनें आपल्यापुरता एक मार्ग काढून पाहिला आहे. देवीस्तोत्रांच्या पानांवरून तिनें जाहिरातीच्या चौकटी स्वतःच उतरविल्या आणि खालीं दोन ओळी लिहिल्या: हें पान उपयोगी वाटलें तर वर्षाची वर्गणी पाठवावी, न पाठविल्यासही पान खुलेंच राहील. मी म्हटलें, फुकट मिळणाऱ्या वस्तूला आपले लोक पैसे देत नाहींत. पहिल्या महिन्यांत एकेचाळीस जणांनीं दिले. त्यांत इचलकरंजीच्या एका आजीबाईंची मनिऑर्डर होती. खात्यावर पैसे धाडण्याची नवी रीत त्यांना जमली नसावी. कुपनावर फक्त ‘अर्थ कळला’ एवढे दोन शब्द होते. तें कुपन भाचीनें देवघराच्या फळीवर ठेविलें आहे.

एकेचाळीस वर्गण्यांनीं घर चालत नाहीं, हेंही तितकेंच खरें. जुन्या शाळेंत संस्कृतची जागा पुन्हां रिकामी झाली असून बाईंनीं यावें असा निरोप आला आहे. होकार कळवावयास या महिन्याची अखेर आहे. काल तिनें विसर्गसंधीचीं नवीं पानें तपासण्यासाठीं पाठविलीं, आणि जाहिरातीच्या चौकटींना जागा सोडूं कीं नको, असें समासांत पेन्सिलीनें विचारलें आहे.