आरशावर उतरणारं विमान

मुलांनो, होडीसारखे दोन लांबट, पोकळ फ्लोट लावलेलं विमान तुम्ही चित्रात पाहिलं असेल. ते फ्लोटप्लेन. त्याला धावपट्टी लागत नाही, तळं पुरतं. अलास्कात आणि उत्तर कॅनडात तळी भरपूर, रस्ते कमी. त्यामुळे तिथे माणसं, टपाल, किराणा असं सगळं या विमानांतून जातं. अँकरेज शहरात तर अशा विमानांचा लेक हूड नावाचा गजबजलेला तलावच आहे!

आता सांगा, असं विमान तळ्यावर उतरवणं अवघड केव्हा? मी वर्गात हे विचारलं, तेव्हा "वादळात!", "लाटा असल्या की!" अशी उत्तरं आली. ती खरीच आहेत. पण वैमानिकाला बेसावध गाठतं ते निराळंच पाणी : वारा पडलेला, एक तरंग नाही, अगदी आरसा!

कारण त्या आरशात आकाश दिसतं, डोंगर दिसतात. पाणी मात्र दिसतच नाही. आपण किती उंच आहोत, हे डोळ्यांना कळत नाही. अजून खाली जायचंय असं वाटतं, तोवर फ्लोटची टोकं पाण्यात घुसतात आणि विमान कोलांटी खातं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते असं!

२१ जुलै १९४८ ला अमेरिकेतल्या लेक मीडवर एक बी-२९ विमान संशोधनासाठी उडत होतं. त्याला फ्लोट नव्हते, उतरायचंही नव्हतं. पण संथ पाण्यावरून खूप खाली उडताना उंचीचा अंदाज चुकला आणि ते ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळलं. विमान बुडालं. नशीब, पाचही जण वाचले.

मग जाणते वैमानिक काय करतात? काठाजवळून उतरतात. झाडं, खडक नजरेत ठेवतात. नाक किंचित वर, इंजिन थोडं चालू, आणि मिनिटाला दीडशे फूट अशा सावकाश गतीने, फ्लोट टेकेपर्यंत खाली येत राहतात. अंदाज बांधत नाहीत. प्रवाशांनाही आधीच सांगून ठेवतात : विमान उलटलं, तर एका हाताने दाराजवळचा आधार घट्ट धरा, मगच पट्टा सोडा. लाइफ जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवा, नाहीतर आतच अडकाल.

आपल्याकडच्या खाणीतलं, शेततळ्यातलं पाणीही असंच गप्प असतं बरं का. त्याची खोली काठावरून दिसत नाही. सुटीत तिकडे पाय वळले, तर पोहता येणारं मोठं माणूस सोबत हवंच. आणि पालकहो, ते मोठं माणूस तुम्हीच व्हा.