गार्डसाहेबांची वही

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. आमच्या मिरजेच्या धर्मग्रामातही या दिवसांत वेदीजवळ एक पेटी ठेवलेली असते. भाविक आपल्या दिवंगत आप्तांची नावे चिठ्ठीवर लिहून तीत टाकतात आणि महिनाभर मिस्साबलीत आम्ही ती नावे वाचतो. गेल्या वर्षी एक वृद्ध भगिनी चिठ्ठी घेऊन आल्या, पण पेटीकडे न जाता थेट आमच्या कार्यालयात आल्या. त्यांच्या हातात स्टीलचा एक डबा आणि पुठ्ठ्याची जाड वही होती.

त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. सारा धर्मग्राम त्यांना गार्डसाहेब म्हणे. सहा महिन्यांपूर्वी आम्हीच त्यांचा दफनविधी केला होता. ते जुनी नाणी जमवीत, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही मिरजेत आल्यावर ते तीनदा डबा घेऊन आमच्याकडे आले होते. दोनदा आम्ही कामाची सबब सांगितली. तिसऱ्यांदा मात्र, पृथ्वीवर धन साठवू नये हा प्रभूचा उपदेश आम्ही त्यांना ऐकवला. ते हसले, डब्याचे झाकण लावले आणि पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

भगिनी म्हणाल्या, “फादर, आजारपणाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. सोनार म्हणतो, चांदी तेवढी तोलून घेतो, बाकीचं मोडीत घाला. ह्यांनी जन्मभर जमवलेलं विकलं तर पाप लागेल का?”

आम्ही त्यांच्याकडून एका आठवड्याची मुदत मागून घेतली आणि त्या रात्री वही उघडली.

प्रत्येक नाण्याला क्रमांक दिलेला होता. पुढे वजन, दोन्ही बाजूंचे वर्णन, कोठे मिळाले, कोणत्या वर्षी आणि कोणाकडून, असे रकाने आखले होते. एका रुपयापुढे ‘मुर्तजाबाद’ असे लिहून त्याखाली रेघ मारली होती. मुर्तजाबाद हे आमच्या मिरजेचेच जुने नाव. मोगलांच्या आणि पुढे मराठ्यांच्या अमलातील रुपयांवर ते ठसवले जाई. ज्या गावात आम्ही इतकी वर्षे सेवा केली, त्या गावाची एके काळी स्वतःची टांकसाळ होती, हे आम्हाला एका मृत माणसाच्या वहीने सांगितले.

वहीच्या पहिल्या पानावर चार नावे होती. गुरूंची लिहावीत तशी ती आदराने लिहिली होती आणि प्रत्येकापुढे मृत्यूचे वर्ष होते.

पहिले नाव डॉ. जोझे गेर्सन द कुन्हा, १९००. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले हे कॅथलिक डॉक्टर मुंबईत वैद्यकी करीत. चौल आणि वसईच्या पुरातन वास्तूंवर त्यांनी १८७६ साली ग्रंथ लिहिला आणि १८८० मध्ये पोर्तुगीज अमलातील भारतीय नाण्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. गोव्याच्या सोन्याच्या नाण्यांवर संत थॉमस यांची प्रतिमा असे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

दुसरे नाव फादर हेन्री हेरास, १९५५. या स्पॅनिश जेज्विट धर्मगुरूंनी १९२६ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. येथे आमची मान खाली गेली. आम्ही उपदेश ऐकवून ज्या माणसाला वाटेला लावले, त्याच्या गुरूंत एक धर्मगुरू होते.

तिसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी, १९६६. हे गणिती. त्यांनी प्राचीन आहत नाणी हजारोंच्या संख्येने सूक्ष्म तराजूवर तोलली. नाणे हातोहाती फिरताना झिजते. तेव्हा झिजेवरून ते किती काळ चलनात होते हे ठरवता येईल, असा त्यांचा विचार. तो पडताळण्यासाठी त्यांनी स्वतःच्या काळातील चलनी नाणीही तोलून पाहिली.

चौथे डॉ. परमेश्वरीलाल गुप्त, २००१. उत्तर प्रदेशातील आझमगढचे हे विद्वान आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकजवळ अंजनेरीला आले आणि तेथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी करण्यात अग्रभागी राहिले.

त्याच नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली १३,०००हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. पराभूत राजाचे नाणे विजेत्याच्या शिक्क्याने पुन्हा चालू झाले होते. रेव्हरंड स्कॉट या मिशनऱ्यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सारी नाणी एखाद्या मुशीत गेली असती, तर दोन राजांमधील त्या संघर्षाचा केवढा साक्षीदार हरपला असता! आजही शेतात सापडलेले कित्येक साठे मुशीत जातात. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८चा कायदा आहे. पण पुष्कळदा त्या कायद्याची भीतीच माणसाला सोनाराच्या दारी नेते.

संग्राहकाच्या मृत्यूनंतर त्याच्या डब्यावरही हाच प्रसंग येतो. नाणी उरतात, पण ती कोठली आणि कोणाकडून आली, हे सांगणारा माणूस जातो. मग राहतो तो केवळ धातू. गार्डसाहेबांनी पृथ्वीवर धन साठवले नव्हते. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या गोष्टींची त्यांनी साक्ष लिहून ठेवली होती. हे आम्हाला त्यांच्या हयातीत कळायला हवे होते.

आठवड्याने आम्ही भगिनींना सांगितले, “बाई, कर्ज फेडण्यासाठी विकणे हे पाप नव्हे. पण डबा आणि वही यांची ताटातूट करू नका.” त्यांच्या नातवाने वहीची संपूर्ण नक्कल केली. पंचम जॉर्जचे एकसारखे असलेले रुपये तेवढे विकले आणि विकलेल्या प्रत्येकाच्या क्रमांकापुढे तशी नोंद केली. कर्ज फिटले. मुर्तजाबादचा रुपया घरातच राहिला.

निघताना भगिनींनी मृतांची चिठ्ठी आमच्या हाती दिली. ती चांगली दोन पाने भरली होती. सर्वांत वर गार्डसाहेबांचे नाव होते, त्याखाली वहीतील चार गुरू. आणि त्याखाली ‘कोणाकडून’ या रकान्यातील, आता हयात नसलेली माणसे: एक तांबट, एक भंगारवाला, तंबोरे घडवणारे एक कारागीर, दर्ग्याजवळचा एक फुलवाला, कुर्डुवाडीचा एक हमाल.

“सगळी आपल्यातली नाहीत, फादर,” त्या संकोचून म्हणाल्या. “चालेल का?”

त्या रविवारच्या मिस्साबलीत आम्ही ती दोन्ही पाने वाचली, एकही नाव न गाळता.