चलनाची फाइल

5 जानेवारी 2023 ला गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांनी टॅक्सी घेतल्या. माझ्या पुतण्यानंही घेतली. टॅक्सी म्हटली की भाडं, पैसे, बँक सगळं मोबाइलवर. त्याचा मोबाइल अँड्रॉइडचा. आपल्या देशात दहातले नऊहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडचेच आहेत.

एका संध्याकाळी त्याच्या व्हॉट्सॲपवरून मला फाइल आली. नाव 'आरटीओ चलन', शेवटी टिंब आणि एपीके, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप टाकणारी फाइल. खाली मजकूर: तुमच्या वाहनाने नियम मोडला, पावतीसाठी उघडा. माझ्याकडे साधी स्कूटरही नाही. मी त्याला फोन केला.

"काका, मी काहीच पाठवलं नाही," तो म्हणाला.

दुपारी तशीच फाइल त्याला पेडण्याच्या एका मित्राकडून आली होती. टॅक्सीवाल्याला चलनाची भीती असतेच, म्हणून त्यानं ती उघडली. मोबाइलनं इशारा दिला, ॲप बाहेरचं आहे, टाकायचं का? त्यानं हो केलं. मग ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पुढे काहीच उघडलं नाही. नेट स्लो असेल असं समजून तो भाड्याला गेला.

मी दुकान बंद करून त्याच्याकडे गेलो. एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी एकाखाली एक आले होते, त्यानं न मागितलेले. खात्यातून दोन वेळा मिळून 48,000 रुपये गेले होते. वहिनी काही बोलल्या नाहीत. ते पैसे टॅक्सीच्या हप्त्याचे होते.

आधी त्याचा मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला आणि सिमकार्ड काढलं. मग माझ्या मोबाइलवरून 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावला. लाइन लगेच लागत नाही, लावत राहावं लागतं. खाते क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि वेळ विचारतात, ते कागदावर लिहून मगच फोन करा. तक्रार क्रमांक एसएमएसनं येतो, आणि सिम तर काढलेलं. ते आम्ही वहिनींच्या बटणांच्या साध्या मोबाइलमध्ये घातलं. त्यात असलं ॲप चालतच नाही, म्हणून ओटीपीही सुरक्षित राहिले. त्यावरूनच बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तक्रारीची प्रत घेऊन बँक आणि पोलीस ठाणं. 30,000 रुपये कुणीतरी आधीच काढले होते. 18,000 दुसऱ्या एका खात्यात अडकवून ठेवता आले. ते मिळायला पुष्कळ कागद आणि पुष्कळ महिने लागले, पण मिळाले. मोबाइलमधले फोटो उतरवून घेतले आणि तो फॅक्टरी रिसेट केला. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून सगळं लॉगआउट केलं. मग ओळखीच्या प्रत्येकाला कळवलं, फाइल उघडू नका. काहींनी तोवर उघडली होती.

नंतर दुकानात येणारा जो तो विचारू लागला, सगळ्यांकडे अँड्रॉइड आहे म्हणून चोर तिथेच येतात, मग दुसरं काही घ्यावं का?

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जुना. पूर्वी दुकानात विंडोज होतं. मुलं प्रोजेक्टचे पेनड्राइव्ह आणायची आणि त्यातून व्हायरस यायचा. फोल्डर गायब, त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. मग एका जाणत्या मुलानं एका कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं. त्यावर पेनड्राइव्ह उघडला की लपलेली मूळ फोल्डरं दिसायची आणि शेजारी व्हायरसची फाइल निपचित पडलेली. ती विंडोजसाठी लिहिलेली, इथे काय चालणार! ती पुसायची, मग पेनड्राइव्ह परत द्यायचा.

जत्रेत गर्दी असते तिथेच पाकीटमार जातो, एवढं खरं आहे. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातले बहुतेक मोठे सर्व्हरही लिनक्सवरच चालतात. तिथेही रोज हल्ले होतात, पण नीट सांभाळलेला सर्व्हर टिकतो. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरनं, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमनं, जगभर विंडोजची यंत्रं बंद पाडली. विंडोजमधल्या ज्या छिद्रातून ते शिरलं, त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांचंही विंडोजच होतं, आणि ते वाचले.

आपल्या गोव्यातही जून 2022 मध्ये, ऐन पावसात, जलसंपदा खात्याच्या पूर-देखरेखीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं. डेटाला कुलूप लावून बिटकॉइन मागितले. सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला, अँटिव्हायरस नाही, फायरवॉल जुना, असं खात्याच्याच तक्रारीत होतं. लोकप्रियतेला दोष देऊन ही यादी झाकता येत नाही.

पुतण्याच्या बाबतीत अपडेटनंही भागलं नसतं. तिथे छिद्र फोडावंच लागलं नाही, परवानगी मागून आत येता आलं. मित्राच्या नंबरवरून फाइल आली तर कुणीही उघडेल. त्याला मी दोष देत नाही. माझा राग आहे तो एका गोष्टीवर: अनोळखी ॲपला ओटीपी वाचायची वाट दोन बोटांत मिळते. ती बंद करायला मात्र कुणी शिकवत नाही. मोबाइल बदलायला पैसे लागतात, ही वाट बंद करायला लागत नाहीत.

सेटिंग्जमध्ये शोधाच्या जागी 'अज्ञात ॲप्स' टाइप करा. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून तिथे यादी असते, कोणत्या ॲपला बाहेरचं ॲप टाकू द्यायचं त्याची. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, सगळी बटणं बंद करा. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' चालू आहे का बघा. चलन खरं आहे की नाही ते सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून कळतं, त्यासाठी कुठली फाइल लागत नाही. बँकेचा आणि 1930 हे दोन्ही नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही ठेवा. आजच ठेवा.