शटर खाली आणि शटर वर

आपल्या लोकांत ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की अजूनही आवाज खाली जातो. म्हणून मुद्दाम लिहितोय.

१९९३ साली मी माळव्यातल्या एका तहसिलीच्या गावी, बँकेच्या शाखेत अकाउंटंट होतो. तिजोरीची एक चावी माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दुपारी रोख मोजताना चौघे आत घुसले, शटर ओढलं आणि माझ्या कानशिलाला कट्टा लावला. “चाबी निकाल, बाबू!” वीसेक मिनिटांत सगळं आटोपलं. कोणाला गोळी लागली नाही. मग पंचनामा, चौकशी, बदली. आईने दृष्ट काढली. जो तो म्हणे, “जीव वाचला ना? विसरून जा आता.”

हेड कॅशियर खरोखर विसरला. बहुतेकांचं तसंच होतं, काळाबरोबर आपोआप सावरतात. माझं तसं झालं नाही. दुकानाचं शटर पडलं की छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे. लग्नात दाराकडे तोंड करूनच जेवायला बसायचो. आणि इंदूरकर असून सराफा सुटला! रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद होतात आणि त्या बंद शटरांपुढेच खाण्याचे ठेले लागतात, तुम्हाला माहीतच आहे. घरचे भुट्ट्याचा कीस खाऊन यायचे, मी ‘ॲसिडिटी’ सांगून घरी.

निवृत्तीनंतर, २०१४ मध्ये, मुलीने हट्टाने एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. वयाने मुलीएवढ्याच. त्यांनी सांगितलं की या त्रासाला ‘पीटीएसडी’ म्हणतात आणि १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत त्याला हे नाव मिळालं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते. माझ्यावर वापरलेली पद्धत एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंची. डोळे मिटायचे आणि प्रसंग आत्ता घडतोय असा, मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगायचा. तो रेकॉर्ड करायचा आणि घरी रोज ऐकायचा.

पहिल्यांदा मी रिपोर्ट द्यावा तसं शुद्ध मराठीत सांगितलं, “सदर इसमांनी” वगैरे. बाई म्हणाल्या, “काका, ते कोणत्या भाषेत बोलले? तसंच म्हणा.” ‘चाबी निकाल’ हे शब्द तोंडातून निघाले आणि मी रडलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिले दोन आठवडे झोप आणखी बिघडली, हे लपवत नाही. पण चौथ्या-पाचव्या वेळेपासून राहिलेले तपशील येऊ लागले. टेबलावर कोणाचा तरी उघडा डबा, चालू पंखा. आणि मुख्य म्हणजे, ते निघून गेले आणि शटर परत वर गेलं, हे! इतकी वर्षं माझ्या डोक्यात शटर फक्त खालीच येत होतं.

बँकवाल्यांना सांगायचं तर, ही नोंद सस्पेन्स खात्यात पडून होती. रोज बॅलन्सला आडवी यायची. उपचारात ती कोणी खोडली नाही, जुन्या तारखेला, तिच्या योग्य खात्यात वर्ग झाली.

सोबत गृहपाठही होता. भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायचे आणि कमी गुणांच्या जागेपासून सुरुवात करायची. आधी भर दुपारी शटरच्या दुकानासमोर उभं राहणं, मग कोपऱ्यावरचा किराणा बंद होताना. घाबरून निघायचं नाही, भीती उतरेपर्यंत थांबायचं. सराफ्याला मी पंचाण्णव दिले होते. तीन महिन्यांनी गेलो. शटरं पडत होती, मी कीस खात होतो. घशाखाली उतरायला वेळ लागला, पण प्लेट संपवली.

हे घरच्या घरी करू नका, शिकलेलं माणूस समोर हवं. घटना घडल्या घडल्या “सांग, मन मोकळं कर” म्हणून कोणाच्या मागेही लागू नका, त्याने उलट त्रास होऊ शकतो. काहींना औषधंही लागतात. कुठे जावं कळत नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे, १४४१६, फोन मोफत. मराठीतही बोलता येतं. हिंदीत घडलेलं असेल तर हिंदीत सांगा.