रिकामा राहिलेला रकाना

आम्ही कारकून माणसे. बी. कॉम. झालो आणि नंदुरबारात टेबलामागे बसलो. जमीन म्हणजे सातबारा, घर म्हणजे घरपट्टीची पावती, एवढीच आमची मालमत्तेची समज. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे काहीच नाही, असे आम्हाला मनापासून वाटत असे. ही समज पुसली ती चिंचपाड्याच्या पलीकडच्या एका पाड्याने. आमच्याच हातून झालेल्या एका चुकीने पुसली, म्हणून ही हकिकत आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारहून सुरतेकडे जाताना खांडबारा लागते, मग चिंचपाडा, आणि पुढे नवापूर. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. लोक ते कौतुकाने पाहायला जातात. चिंचपाड्याला मात्र पाहायला कोणी उतरत नाही. उतरतात ते मिशनच्या जुन्या दवाखान्यात जाणारे रोगी, बाजाराला आलेल्या बाया, आणि आमच्यासारखा एखादा पिशवीवाला. स्टेशनाबाहेरून जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. डांबरी रस्ता संपला की उतरायचे आणि दोन नाले ओलांडून चालायचे. उन्हाळ्यात तासाभराची वाट. पावसाळ्यात किती वेळ लागेल ते नाल्याने ठरवायचे.

आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो २०१० साली. वनहक्काचा कायदा २००६ मध्ये झाला, त्याचे नियम २००८ च्या जानेवारीत आले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कसत आले, तिच्यावर चार हेक्टरपर्यंत त्यांचा हक्क मान्य करायचा, असा हा कायदा. त्यासाठी ग्रामसभेकडे अर्ज करायचा होता, आणि अर्ज भरून देणारी लिहिती माणसे कमी होती. आम्ही चार मित्र रविवारी निघत असू. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आमचे आजोबा तुरुंगात जाऊन आलेले. घरात ती गोष्ट ऐकत वाढलो. तेव्हा जमिनीचा अर्ज भरणे हे आम्हाला पुण्यकर्म नव्हे, घरचेच काम वाटत असे.

ज्या घरात बसून अर्ज भरले त्या घराच्या भिंती कुडाच्या, वर शेणमातीचा लेप आणि माथ्यावर कौले. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला माणसे, मध्ये धान्याची कणगी. आम्ही विचारले, "तुमची मालमत्ता काय?" मोठी माणसे मावचीत बोलत होती; दहा वर्षांची एक मुलगी मराठीत सांगत होती. तिने बोटे मोडून सांगितले: दोन बैल, सहा कोंबड्या, एक शेळी, भाताचा आणि तुरीचा तुकडा, आणि तीन मोहाची झाडे. झाडे कोणाच्या नावावर, असे आम्ही विचारताच सगळे हसले. ही झाडे आमची, पलीकडची दोन काकांची, हे पाड्यातल्या पोरालाही ठाऊक! दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कोणी उचलत नाही. कागदाशिवाय चाललेली ही मालकी पाहून आमचे कारकुनी डोके चक्रावले.

अर्जात पहिला रकाना दावेदाराच्या नावाचा, दुसरा जोडीदाराच्या नावाचा. मुलीच्या बापाने आपले नाव सांगितले. बायकोचे विचारल्यावर तो लाजला. बायकोचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही रीत आपल्याकडेही होतीच की. मुलगी तेवढ्यात कोंबडीमागे पळाली होती. बाई पाण्याला गेलेली. आम्हाला संध्याकाळची गाडी धरायची होती. आम्ही म्हणालो, "राहू द्या, नंतर भरू." ते नंतर कधी आलेच नाही. रकाना कोराच पुढे गेला.

दर साल दिवाळीनंतर तो माणूस गुजरातेत ऊसतोडीला जाई आणि पावसाआधी परते. २०१२ च्या पावसाळ्यात त्याला ताप भरला. बांबूला गोधडी बांधून झोळी केली, चौघांनी खांद्यावर घेतली. नाल्याला पूर. पाणी उतरेपर्यंत अलीकडच्या काठावर बसून राहिले. डांबरी रस्त्याला पोचले तेव्हा दवाखान्याची गरज उरली नव्हती.

दिवसकार्य झाले, आणि धाकट्या दिराने ग्रामसभेत जमीन मागितली. त्याचे म्हणणे सरळ होते: वहिनीला दोन मुलीच, त्या उद्या परक्या घरी जातील, आणि अर्जात वहिनीचे नाव आहे कुठे? तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या बाजूला रीत होती आणि आमचा कोरा रकाना होता.

कायदा तर स्पष्ट सांगतो की हा हक्क नवराबायको दोघांच्या नावे नोंदवावा. तो वारसाने जातो, विकता येत नाही. आम्ही तो वाचला होता. वाचून विसरलो होतो! बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले त्यामागे हिंदू कोड बिल हे मोठे कारण होते, हे आम्ही दर जयंतीला व्यासपीठावरून सांगत आलो. पण १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्ध लेकींना लागू आहे आणि अनुसूचित जमातींना नाही, हे आम्हाला ती बाई दारात येऊन उभी राहीपर्यंत माहीत नव्हते. तिथे रीत चाले. तिथल्या लेकींसाठी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला तो १७ जुलै २०२५ ला, छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात: केवळ बाई आहे म्हणून वाटा नाकारता येणार नाही. ज्या इंडोनेशियात बोरोबुदूरचा महान स्तूप उभा आहे, तिथल्या सुमात्रा बेटावर मिनांगकाबाऊ लोकांत वडिलार्जित शेत आणि घर आईकडून मुलीकडेच जाते. म्हणजे रीत माणसेच घडवतात.

चूक निस्तरायला तीन वर्षे गेली. रेशनकार्ड काढले, मतदारयादीतले नाव काढले. एका कचेरीतून कागद सहीसाठी दोनदा परत आला. आम्हीही कारकूनच, कोणाला बोलणार? शेवटी काम केले ते पाड्यातल्या एका म्हातारीने. वडीलधाऱ्यांचा जबाब हा कायद्यात पुरावा आहे. आजी ग्रामसभेत उठली आणि दिराकडे पाहून म्हणाली, "तू ऊस तोडत होतास. हा बांध हिने डोक्यावर दगड वाहून घातला. मी पाहिलंय." दिराने मान खाली घातली. ठराव झाला. २०१५ मध्ये पट्टा आला, बाईच्या नावाचा. दुसऱ्या वर्षी त्या बांधाला दगड चढवायला दीरच आला होता.

गेल्या एप्रिलात पुन्हा गेलो. मराठी सांगणारी मुलगी आता लग्न होऊन खांडबाऱ्याकडे असते. पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत, आढ्याला टांगलेला. बाईने तो काढून आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "दादा, नाव वाचून दाखवा." वाचून दाखवले. "परत वाचा." परत वाचले. मग तिने शेजारणीला हाक मारली. तिचा अर्ज अजून अडकलेला होता. शेजारीण बसायच्या आधीच बाई आम्हाला म्हणाली, "हिचं नाव आधी लिहून घ्या. गाडीचं नंतर पाहू."

गाडी चुकलीच. रात्री अंगणात खाट टाकून दिली. पहाटे जाग आली तेव्हा बाई घरात नव्हती. टोपली घेऊन मोहाखाली गेली होती. धाकटीने कोरा चहा दिला. तो पिऊन आम्ही नाल्याची वाट धरली.