दोरा कापण्याआधी

"थ्रेशोल्ड किती आला?" 1990 साली टेक्निशियन म्हणून कॅथलॅबमध्ये लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न कानांवर पडला. आजही रोज पडतो. बाकी मात्र सगळं बदललं.

तेव्हा डॉक्टर डाव्या कॉलरबोनखाली चीर द्यायचे, कातडीखाली पॉकेट करायचे आणि शिरेतून लेड, म्हणजे पेसमेकरची तार, हृदयाच्या उजव्या जवनिकेत उतरवायचे. तिचं टोक स्नायूला टेकलं की केबल माझ्या ॲनालायझरला जोडली जायची. मी व्होल्टेज हळूहळू उतरवत जायचो. 1.0, 0.8, 0.6... मॉनिटरवर पेसमेकरचा काटा उमटायचा आणि त्याच्यामागे हृदयाचा रुंद ठोका. मधेच काटा दिसायचा, ठोका नाही. "कॅप्चर गेलं!" असं म्हणत मी लगेच व्होल्टेज वर न्यायचो. ज्या आकड्यापर्यंत ठोका साथ देत होता, तो थ्रेशोल्ड. तो 1च्या आत आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. मग पेशंटला खोकायला सांगायचं, दीर्घ श्वास घ्यायला लावायचा. शेवटी 10 व्होल्ट देऊन पोटावर हात ठेवायचा, श्वासपटल उडतंय का ते बघायला. त्या हाताखालची धाकधूक मला अजून आठवते.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत कधी लेड हललेली दिसायची. पुन्हा टेबल, पुन्हा चीर. म्हणून डावा हात खांद्याच्या वर न्यायला आम्ही काही आठवडे सक्त मनाई करायचो. एक आजी घरी जाताना म्हणाल्या होत्या, "अहो, मग माझा अंबाडा कोण घालणार?" पहिल्या तपासणीला आल्या तेव्हा अंबाडा नीट होता. सून रोज घालून देत होती.

पॉकेटमधल्या पेसमेकरच्या डबीचा उंचवटा छातीवर कायम राहायचा. बोलताना पेशंटचा हात नकळत तिथे जायचा. माणसाचं आणि या डबीचं नातं जुनंच. 1958 साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या पेशंटच्या शरीरात पेसमेकर बसवला गेला, शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला. तो काही तासच चालला. पण पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत ते 2001पर्यंत, वयाच्या 86व्या वर्षापर्यंत जगले.

आता आलेल्या लेडलेस पेसमेकरला उंचवटाही नाही आणि लेडही नाही. डिसेंबर 2013मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे मायक्रा हा असा पेसमेकर पहिल्यांदा माणसाला बसवला गेला. वजन 2 ग्रॅम, लांबी जेमतेम 26 मिलिमीटर, एखाद्या मोठ्या कॅप्सूलएवढा. जांघेतल्या शिरेतून जाड नळी, म्हणजे शीथ, घालून तो थेट जवनिकेत नेतात. डाय टाकून टोक पडद्याला, म्हणजे सेप्टमला, लागलंय ना हे दोन कोनांतून बघतात; बाहेरची भिंत पातळ, तिथे भोक पडायची भीती. मग नायटिनॉलचे चार हूक स्नायूत रुततात. कॅप्सूलला बांधलेल्या दोऱ्याला हलका ताण देऊन किमान दोन हुकांनी पकड घेतलेली दिसली पाहिजे.

आणि मग तोच प्रश्न. आता पल्स 0.24 मिलिसेकंदाची असते आणि थ्रेशोल्ड 1 व्होल्ट किंवा त्याखाली हवा असतो. पूर्वीपेक्षा आज हा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. तेव्हा बॅटरी संपली की पॉकेट उघडून डबी बदलायची, लेड तीच. हा कॅप्सूल मात्र वर्षानुवर्षं मांसात रुतून बसतो. बॅटरी संपल्यावर बहुधा तो तिथेच ठेवून शेजारी दुसरा बसवतात. त्यात व्होल्टेज दुप्पट लागलं तर प्रत्येक ठोक्यामागे ऊर्जा चौपट जाते.

पहिला आकडा 1.5 आला की नवखे डॉक्टर लगेच जागा बदलायला निघतात. मला ते पटत नाही. रुतताना स्नायूला इजा होते. काही मिनिटं थांबलं की आकडा बरेचदा आपसूक उतरतो, विशेषतः इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 800 ओहमच्या वर असेल तर. इम्पीडन्सही कमी आणि थ्रेशोल्डही उतरत नसेल, तर मात्र जागा बदलायचीच.

सगळं जमलं की दोरा कापून ओढून घेतात. जांघेत आठच्या आकड्याचा एक टाका, काही तास सपाट पडून राहणं, आणि दोन्ही हात मोकळे. आजींना हे बघायला मिळायला हवं होतं, असं प्रत्येक वेळी वाटतं.

तरुण डॉक्टरांना एकच विनंती: दोरा हातात आहे तोवर आकड्यासाठी पाच मिनिटं थांबा. आमच्या काळी दुसऱ्या दिवशी लेड सरकवून चूक सुधारता यायची. इथे दोरा कापल्यावर ते तितकं सोपं नाही.